आईबापांना कळवले का?

दिवाळीच्या अंकात कोर्टकचेरीचा विषय पाहून काही वाचक नाक मुरडतील. पण हा कज्जा जमिनीचा किंवा बांधाचा नव्हे, पोरांचा आहे. आईबापांपासून मूल काढून दुसऱ्याच्या ओटीत घालायचे, तर त्यापूर्वी आईबापांना कळवायला नको का? प्रश्न इतका साधा की एखादी आजीबाईसुद्धा क्षणात उत्तर देईल. अमेरिकेसारख्या कायदेपंडितांच्या देशाला मात्र ते उत्तर सापडायला शंभरांवर वर्षे लागली.

1853 साली न्यूयॉर्कमध्ये चार्ल्स लोरिंग ब्रेस नावाच्या तरुण पाद्र्याने मुलांसाठी एक संस्था काढली. रस्त्यावर भटकणारी पोरे गोळा करून ती पश्चिमेकडच्या शेतकऱ्यांच्या घरी पाठवायची, अशी त्याची योजना. 1854 साली सुमारे 45 मुलांची पहिली तुकडी मिशिगनमधल्या डोवाजिॲक या गावी पोचली, आणि मग 1929 पर्यंत अशा आगगाड्या चालूच राहिल्या. दोन लाखांच्या आसपास मुले गेली असावीत. पुढे पुढे गाडी येण्याआधी गावात हस्तपत्रके लागू लागली : अमुक दिवशी मुले येणार आहेत, घरात घ्यायची इच्छा असेल त्यांनी नाटकगृहात जमावे. मुले रंगमंचावर उभी करीत आणि लोक निवडून नेत. ब्रेसचा हेतू वाईट नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो. पण वाचकहो, गंमत पाहा. यांतल्या पुष्कळ मुलांची आई किंवा बाप हयात होता. वर्दी मिळे ती मूल नेणाऱ्याला! ज्याचे मूल गेले, त्याला ते कोणत्या गावी कोणाच्या घरी पडणार हे आधी कळण्याची सोयच नव्हती.

पुढे 1899 साली शिकागोला मुलांचे पहिले स्वतंत्र न्यायालय निघाले. मूल निराधार ठरवायचे, सरकारच्या ताब्यात घ्यायचे, पोसायला परक्या घरी ठेवायचे, आणि शेवटी त्याचे कायमचे घर कोणते ते ठरवायचे, हा सगळा कारभार अशा न्यायालयांकडे आला. न्यायाधीशाने बापाच्या मायेने निवाडा करावा, अशी कल्पना होती. आता जिथे न्यायाधीशच बाप, तिथे खऱ्या बापाला नोटीस बजावण्याची घाई कोणाला असणार?

नोटिशीचा खरा कायदा घडला तो पैशाच्या भांडणात. 1950 साली न्यूयॉर्कच्या एका बँकेच्या विश्वस्तनिधीचा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. बँकेने लाभधारकांना वर्तमानपत्रातून जाहीर सूचना दिली होती. न्यूरेंबर्गच्या खटल्यात सरकारी बाजू मांडलेले न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी निकाल दिला, की ज्यांचे पत्ते ठाऊक आहेत त्यांना वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातली सूचना पुरत नाही. खरोखरच कळवायचे मनात असलेला माणूस ज्या मार्गाने कळवील, त्या मार्गाने कळवले पाहिजे. किती शहाणपणाचे बोलणे! पण हे शहाणपण तिजोरीपासून पाळण्यापर्यंत यायला आणखी 15 वर्षे गेली.

टेक्सासमधल्या एका घटस्फोटित बापाची मुलगी आईजवळ राहत होती. आईने पुन्हा लग्न केले आणि नव्या नवऱ्याला मुलगी दत्तक हवी झाली. कायद्याप्रमाणे बापाची लेखी संमती लागे. मात्र त्याने दोन वर्षे पोटगीचा भार नीट उचलला नसेल, तर न्यायाधीशाची संमती चाले. आईने तसे प्रतिज्ञापत्र केले. बापाचा ठावठिकाणा तिला ठाऊक होता, तरी त्याला एका ओळीचा कागद गेला नाही. दत्तक झाले, आणि मग त्याला कळले. खालच्या कोर्टांनी म्हटले : नंतर तुझे ऐकून घेतले ना, मग झाले तर! सर्वोच्च न्यायालयाने 1965 साली एकमताने हे मोडून काढले. मागाहून ऐकणे म्हणजे ऐकणे नव्हे. आधी ऐकले असते तर बाप नालायक आहे हे समोरच्यांना सिद्ध करावे लागले असते. नंतर सगळे ओझे त्याच्याच डोक्यावर आले. मला या सगळ्या इतिहासात हाच निकाल सर्वांत मोलाचा वाटतो.

1972 साली इलिनॉयमधला एक खटला निघाला. एक जोडपे लग्नाविना अधूनमधून 18 वर्षे एकत्र राहिलेले, मुले तीन. बाई वारली आणि त्या क्षणी मुले सरकारची झाली. कारण कायद्याच्या लेखी अविवाहित बाप हा बापच नव्हता. तो लायक की नालायक, हे विचारायचीही गरज नव्हती. न्यायालयाने हा कायदा रद्द ठरवला, आणि एकदम राज्याराज्यांतून अशा बापांना कळवायचे कसे याची धावपळ सुरू झाली. न्यूयॉर्कने एक नोंदवही काढली. बापाने एक कार्ड टाकून नाव नोंदवावे, म्हणजे त्याला नोटीस मिळेल. एकाने ते कार्ड टाकले नव्हते. त्याने दुसऱ्या न्यायालयात पितृत्वाचा अर्ज केला होता, आणि हे ठाऊक असूनही न्यायाधीशाने दत्तकाच्या हुकमावर सही केली. 1983 साली सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ती सही कायम ठेवली. कार्ड टाकणे त्याच्या हाती होते म्हणे! असेल. पण ज्याचा पत्ता समोरच्या कागदावर दिसतो आहे, त्याला नोंदवहीत शोधणे हे मला तरी पटत नाही.

सर्वांत मोठी कहाणी मात्र तिथल्या मूळ रहिवाशांची. 1969 आणि 1974 सालच्या पाहण्यांत आढळले, की त्यांची शेकडा 25 ते 35 मुले घरापासून तुटून परक्या घरी किंवा संस्थांत पडली आहेत. बरीचशी परजातीत गेली. आजीजवळ वाढणारे मूल म्हणजे टाकलेले मूल, असे शहरी अधिकाऱ्यांना वाटे. आपल्याकडे हा न्याय लावला असता तर निम्मा महाराष्ट्र अनाथ ठरला असता!

म्हणून 1978 साली कायदा झाला, की नोटीस आईबापांना तर द्यावीच, पण त्यांच्या जमातीलाही द्यावी. वसिष्ठाच्या धर्मसूत्रात दत्तक घेणाऱ्याने भाऊबंदांना बोलावून आणि राजाला कळवून मग होम करावा असे सांगितले आहे, त्याची इथे आठवण होते. मूल एकट्या आईबापांचे नसते, हा विचार फार जुना आहे. हा कायदा घटनाबाह्य ठरवावा म्हणून काही राज्ये आणि दत्तक घेऊ पाहणारी जोडपी कोर्टात गेली होती. 2023 साली सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी तो कायम राखला.

दरम्यान 1997 च्या कायद्याने, मूल सरकारी ताब्यात आल्यापासून 12 महिन्यांत त्याच्या कायमच्या घराविषयी सुनावणी झाली पाहिजे, असे ठरले. आणि तिची सूचना, मूल प्रत्यक्ष सांभाळणाऱ्या पालक कुटुंबालाही मिळू लागली. रात्री तापात मुलाच्या उशाशी बसणारी ही माणसे तोवर कोर्टाच्या हिशेबी नव्हतीच.

जमातीला जायची नोटीस साध्या टपालाने चालत नाही. ती रजिस्टर्ड किंवा सर्टिफाइड असावी लागते, पोचपावतीसह. ती पोचल्यावर निदान दहा दिवस सुनावणी घेता येत नाही, आणि मागितल्यास आणखी वीस दिवस द्यावे लागतात. आईबापांचा आणि जमातीचा पत्ताच लागला नाही, तर नोटीस अंतर्गत खात्याच्या मंत्र्याकडे जाते, आणि पंधरा दिवसांत त्यांना शोधून कळवण्याचे काम त्याच्यावर पडते.