पुलाचं पोट

आमच्या मुकुंदवाडी स्टेशनाजवळ रेल्वेची वाट सपाट आहे. त्यामुळं पुण्याहून मुंबईला जाताना भोर घाट पहिल्यांदा पाहिला, तेव्हा मी खिडकी सोडली नाही. पुढं एका पुस्तकात याच घाटाची एकोणिसाव्या शतकातली इंग्रजी चित्रं पाहिली. धुक्यातले कडे, खोल दरी, तिच्यावरून जाणारा दगडी कमानींचा पूल आणि पायथ्याशी, केवळ उंची कळावी म्हणून काढलेली मुंगीएवढी माणसं.

या मुंग्या कोण होत्या? 1856 साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेनं घाटाचं काम सुरू केलं. पंधरा मैलांची वाट, 1831 फुटांची चढण, पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल. 1861 साली एका वेळी बेचाळीस हजार माणसं इथं राबत होती. पटकीनं त्यांतली किती गेली, त्यांची नावं कुठंच नाहीत. 1859 साली थकलेल्या मजुरीपायी मजुरांनी दंगाही केला. त्याच वर्षी नवा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल आला आणि थोड्याच दिवसांत वारला. मग त्याच्या पत्नीनं, अ‍ॅलिसनं ठेका सांभाळला. 1863 साली घाटातून गाडी धावू लागली.

आणि चारच वर्षांनी, 1867 च्या जुलैत, ऐन पावसाळ्यात, यांतला एक आठ कमानींचा पूल कोसळला. इंग्रजी कागदपत्रांत त्याचं नाव ‘म्हाऊ-की-मल्ली’ असं येतं. बांधकामातलाच दोष उघडा पडला. कंपनीच्या इतर पुलांचीही तपासणी करावी लागली.

माझे चाचा गवंडी होते. ते म्हणत, ‘‘बेटा, दगडाचं तोंड साऱ्या गावाला दिसतं. भिंतीचं पोट मात्र गवंड्यालाच ठाऊक.’’ बाहेरून घडीव दगड लावायचे आणि आत नुसता भराव कोंबायचा, ही लबाडी त्यांनी जन्मभर पाहिली होती.

चित्रकारानं पुलाचं तोंड काढलं. पोट त्याला दिसलं नाही, आणि त्या पोटापायी घाटात आलेली माणसंही. चित्रकाराला तरी दोष कशाला देऊ? आम्ही कवीही उंच कमानीवरच भाळतो. तो पूल आता नाही, चित्रं आहेत. ती पाहताना मी हल्ली आधी पायथ्याच्या मुंग्या शोधतो.