घरची गाडी

राज्यांचा इतिहास लिहिणारांस हत्तीघोड्यांची मोजदाद करण्याची मोठी हौस असते. परंतु सामान्य माणसाचें कुटुंब एका गांवाहून दुसऱ्या गांवीं कशांत बसून गेलें, हा प्रश्न ते सहसा विचारीत नाहींत. आम्हांस तो सुचला याचें कारण अगदीं घरगुती आहे. आष्टीस आमचें अकरा माणसांचें एकत्र कुटुंब आहे. गेल्या वर्षीं जुनी गाडी मोडींत काढून नवी घ्यावयाचें ठरलें, आणि त्यावर महिनाभर घरांत जो खल झाला त्यावरून आमची खात्री झाली कीं, गाडी निवडणें म्हणजे आपल्या कुटुंबाची व्याख्या करणेंच होय.

प्रथम स्थलाविषयीं दोन शब्द. १८१८ सालीं बापू गोखले ज्या आष्टीच्या रणांत पडले ती सोलापुराकडील. आमची आष्टी बीड जिल्ह्याच्या पश्चिम टोकाची. जिल्ह्याच्या गांवापेक्षां तिला नगर जवळ. तरीही १९४८ पर्यंत ती निजामाच्या राज्यांत होती, आणि नगर मुंबई इलाख्यांत. निजामाच्या रेल्वेखात्यानें १९३२ सालीं २७ मोटारींनिशीं प्रवासी वाहतूक सुरू केली, इकडे एस. टी. ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजीं नगरहूनच पुण्यास सुटली. आगगाडी मात्र आष्टीस आली ती २३ सप्टेंबर २०२२ रोजीं, म्हणजे मुंबई-ठाणें मार्ग सुरू झाल्यावर १६९ वर्षांनीं! अशा मुलखांत घरच्या वाहनाचें महत्त्व काय असेल तें सुज्ञ वाचकांस सांगणें नलगे.

तें वाहन म्हणजे बैलगाडी. माल वाहण्यास मोठी गाडी, आणि ज्याला ऐपत असे त्याच्या घरीं माणसांसाठीं हलकी दमणी. गाडींत कडबा पसरावा, त्यावर गोधडी टाकावी, उन्हासाठीं वर तट्ट्या बांधावा, कीं घर निघालें यात्रेला. तींत बैठकी नव्हत्या; म्हणून किती माणसें मावतील हा प्रश्नच नव्हता. गाडी घेणारा पाहत असे तो बैलांची जोडी, चाकांचे आरे आणि त्यांवरची लोखंडी धाव. शिवाय एक अलिखित नियम असे: चढ आला कीं कर्त्या माणसांनीं खालीं उतरावें आणि मागून रेटा द्यावा, म्हातारींकोतारीं व लेंकुरें तेवढीं वर बसून राहावीं. भार कमी करावयाचा तो सशक्तांनीं, हा त्या नियमाचा अर्थ.

स्वातंत्र्यानंतर मोटार हळूहळू खेड्याच्या वेशीशीं आली. महिंद्रांनीं १९४७ पासून विलीस जीप जोडण्यास आरंभ केला. नगरच्या फिरोदिया घराण्यांतील नवलमल फिरोदिया यांनीं १९५८ सालीं जर्मन सहकार्यानें बजाज टेंपो कंपनी काढली. तिचीं ‘टेंपो’ व ‘मेटाडोर’ हीं नांवें तर मराठींत सामान्यनामेंच होऊन बसलीं. आमच्या भागांत वऱ्हाडें नेलीं तीं यांनींच; आणि पुढें काळ्यापिवळ्या जीपगाड्यांनीं. यांत दाटी असे. पण तीं भाड्याचीं वाहनें, घरचीं नव्हत.

घरची मोटार म्हणजे काय, याचा विचार जगांत निरनिराळ्या ठिकाणीं जवळजवळ एकाच वेळीं झाला, ही गोष्ट मोठी मौजेची आहे. १९८३ च्या अखेरीस अमेरिकेंत क्रायस्लरनें आपली मिनीव्हॅन बाजारांत आणली, १९८४ सालीं फ्रान्समध्यें रेनॉनें ‘एस्पास’ आणली, आणि त्याच वर्षीं आपल्याकडे मारुतीची व्हॅन निघाली. फरक एवढाच कीं, पहिल्या दोन प्रशस्त होत्या आणि आपली अवघ्या ७९६ घनसेंटिमीटर इंजिनाची, पुढें नाक नसलेली. स्वस्त व सुटसुटीत म्हणून ती लोकांनीं डोक्यावर घेतली. १९९४ सालीं सुमंत मुळगांवकरांच्या नांवावरून टाटांची ‘सुमो’ आली, २००० सालीं ‘क्वालिस’. सुरक्षेचे नियम कडक झाल्यावर २०१९ सालीं व्हॅनचें उत्पादन थांबलें. त्याच वर्षीं सुमोचेंही.

एवढ्या अवधींत एक गोष्ट घडली, ती आमच्या मतें सर्वांत महत्त्वाची. गाडींत बैठकी आल्या, आणि बैठकींबरोबर आंकडा आला. आंकडा आला कीं कोणीतरी उरतेंच. दमणींत जो मान म्हाताऱ्यांचा होता तो मोटारींत राहिला नाहीं. पुढची जागा कर्त्याची, मधली सुनांमुलांची, आणि मागची अडचणीची ओळ जो कांहीं बोलणार नाहीं त्याची.

आमच्या जुन्या गाडींत आम्ही एकदां दहा माणसें कोंबून सावरगांवाजवळ मायंब्यास मच्छिंद्रनाथाच्या दर्शनास गेलों होतों. चढावर गाडी थांबली. दोष गाडीचा नव्हे, आमच्या हांवेचा. आम्ही पांच पुरुष उतरून पायीं चालूं लागलों, तेव्हां मातोश्री मागच्या ओळींतून म्हणाल्या, “आतां कशी गाडीसारखी गाडी वाटते!” तें वाक्य आम्ही विसरलों नाहीं.

म्हणून या वेळीं दुकानांत विक्रेता पडदा, यंत्र व रंग दाखवीत असतां आम्हीं ऐंशी वर्षांच्या मातोश्रींस बरोबर नेलें आणि प्रत्येक गाडींत बसवून पाहिलें. पायरी किती उंच, दार किती उघडतें, मधली बैठक न दुमडतां मागें जातां येतें कीं नाहीं, मागच्या ओळीस पट्टा व वारा आहे कीं नाहीं, ही आमची परीक्षा. अकरा माणसें मावतील अशी घरगुती गाडी नाहीं, हें प्रथमच मान्य केलें. आठ बैठकींची गाडी घेतली. मधली खिडकी मातोश्रींची ठरली. आणि सर्वांनीं जावयाचें असेल तेव्हां आम्ही तिघे भाऊ एस. टी. नें जावयाचें असें ठरलें.

याहून मोठें कुटुंब एका वाहनांतून नेणारे आमच्या तालुक्यांत अद्यापि आहेत, हेंही लिहिलें पाहिजे. दिवाळी सरली कीं ऊसतोडीचीं कुटुंबें कोयते, भांडीं, पोरें व शेळ्या घेऊन ट्रॅक्टरच्या ट्रॉलींतून कारखान्यांकडे निघतात. कांहींजण तेथें टायरगाडीस स्वतःचे बैल जुंपतात. त्यांना गाडी निवडावयाची नसते. मागें जे राहतात ते म्हातारे, आणि शाळेसाठीं ठेवलेलीं मुलें. चढावर कोणीं उतरावें हा प्रश्न त्यांच्यापुढें कधीं आलाच नाहीं. त्यांना मुळांत चढूं कोणीं दिलें, हाच प्रश्न आहे. आठ बैठकींच्या गाडींत बसून त्या ट्रॉलीला ओलांडून जातांना तो आम्हांस दर वर्षीं टोंचतो.