माणी माधव चाक्यार
(१५ फेब्रुवारी १८९९–१४ जानेवारी १९९०). केरळमधील कूडियाट्टम् या संस्कृत मंदिरनाट्याचे श्रेष्ठ नट, आचार्य व ग्रंथकार. जन्म कोझिकोडे जिल्ह्यातील तिरुवंगायूर येथे, माणी या पारंपरिक नटघराण्यात. पालघाट जिल्ह्यातील किळ्ळिक्कुरिश्शिमंगलम् ही त्यांची कर्मभूमी. तुळ्ळल् या लोकप्रिय कथननृत्याचे प्रवर्तक कुंचन नंब्यार यांचे गावही हेच.

कूडियाट्टम्‌चे प्रयोग मंदिराच्या आवारातील कूत्तंबलम् नामक नाट्यगृहात देवसेवा म्हणून होत. पुरुषभूमिका चाक्यारांनी व स्त्रीभूमिका नंग्यार स्त्रियांनी कराव्यात आणि मिळावु हे मोठे घटवाद्य नंब्यारांनी वाजवावे, अशी कुलपरत्वे वाटणी होती. शिवाय वारसा मातृवंशीय होता. चाक्यार नट व त्याची नंग्यार पत्नी यांची संतती आईच्या कुळाची, म्हणजे नंब्यार गणली जाई; चाक्याराची भूमिका करण्याचा अधिकार भाच्याकडे जाई. माधव यांनाही ही विद्या परमेश्वर, नीलकंठ व नारायण या मामांकडून मिळाली. पुढे कोचीनचे महाराज झालेले विद्वान रामवर्मा परीक्षित तंपुरान यांच्याजवळ त्यांनी नाट्यशास्त्र व न्याय यांचे अध्ययन केले. हे पांडित्य शोभेचे नव्हते; एकेका श्लोकाचा अर्थ तासन्‌तास विस्तारणाऱ्या नटाला त्यावाचून गत्यंतर नसते. भासाच्या प्रतिज्ञायौगंधरायणातील ‘मंत्रांकम्’ हा तिसरा अंक परंपरेने एकेचाळीस दिवस चालतो.

नेत्राभिनय हे त्यांचे खरे सामर्थ्य. डोळ्यांत तूप घालून बाहुल्या फिरविण्याची कठोर तालीम त्यांनी लहानपणापासून केली होती. कैलासोद्धरणाच्या प्रसंगी रंगमंचावर पर्वत नसतो, पडदाही रंगविलेला नसतो. रावण झालेले चाक्यार पायथ्यापासून शिखरापर्यंत नुसती नजर नेत आणि पर्वताची उंची व विस्तार प्रेक्षकांना प्रत्ययाला येई. त्याला जोडून येणाऱ्या ‘पार्वतीविरहम्’ मध्ये रावणाची वेशभूषा न बदलता ते आळीपाळीने शिव व रुसलेली पार्वती होत. या भूमिकांतील त्यांचे प्रभुत्व समकालीनांत अतुलनीय मानले जाई.

मंदिरप्रवेशाच्या बंधनांमुळे मलयाळी समाजाचा मोठा भाग दीर्घकाळ या कलेला पारखाच होता. मंदिरांचा आश्रय क्षीण होऊ लागल्यावर ती तेथेच विझण्याचा धोका निर्माण झाला. १९५५ मध्ये माधव चाक्यारांनी आपल्या गावी मंदिराबाहेर कूडियाट्टम्‌चा प्रयोग केला. देवसेवेचा अधिकार बाजारात आणल्याचा रोष ज्ञातीत ओढवून घेण्यासारखेच हे कृत्य होते आणि त्यापायी त्यांना त्रासही सोसावा लागला. १९६२ मध्ये संस्कृत पंडित वे. राघवन यांच्या पुढाकाराने मद्रास येथे ‘संस्कृतरंग’ या संस्थेतर्फे त्यांच्या मंडळीचे प्रयोग झाले. केरळबाहेर कूडियाट्टम् प्रथमच पोहोचले ते यावेळी. तोरणयुद्ध, सुभद्राधनंजय व नागानंद यांतील भाग त्यात होते. पुढे दिल्ली, वाराणसी, मुंबई इ. ठिकाणच्या रसिकांनीही त्यांचा अभिनय पाहिला. मंदिराबाहेर पडताना प्रयोगाचा कालावधी आवरावा लागला, हे खरे. अभिनयाची शिस्त मात्र त्यांनी सैल होऊ दिली नाही. शाकुंतल, विक्रमोर्वशीय व मालविकाग्निमित्र ही कालिदासाची नाटकेही त्यांनी कूडियाट्टम्‌च्या पद्धतीने बसविली.

संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार (१९६४), ‘पद्मश्री’ (१९७४) व अकादमीची अधिछात्रवृत्ती (१९८२) हे त्यांचे प्रमुख सन्मान. मलयाळम्‌मधील नाट्यकल्पद्रुमम् (१९७५) या ग्रंथात त्यांनी कूडियाट्टम्‌चे प्रयोगतंत्र सविस्तर ग्रथित केले असून त्याला केरळ साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. घराण्यात मुखपरंपरेने राखलेली विद्या त्यामुळे कुळाबाहेरील अभ्यासकांना उपलब्ध झाली. केरळ कलामंडलम्‌मध्ये १९६५ मध्ये सुरू झालेल्या कूडियाट्टम् विभागात पैंकुळम् राम चाक्यार (१९०५–८०) यांनी चाक्यारेतर विद्यार्थ्यांनाही शिकविले. माधव चाक्यारांचे पुत्र पी. के. नारायणन् नंब्यार मातृवंशीय नियमानुसार नंब्यार ठरले आणि मिळावुवादक म्हणून ख्यातनाम झाले. त्यांना २००८ मध्ये ‘पद्मश्री’ मिळाली.