बाळंतिणीची सोबत

खंडाळा म्हटलें कीं बोरघाटांतील थंड हवेचें ठिकाण बहुतेकांच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु महाराष्ट्रांत दुसरेंही एक खंडाळा आहे. पुण्याहून साताऱ्यास जातांना शिरवळ मागें पडलें, कीं खंबाटकीचा घाट चढण्यापूर्वीं तें लागतें. सातारा जिल्ह्यांतील ह्या तालुक्यांत नायगांव नांवाचें एक खेडें आहे. तेथील खंडोजी नेवसे पाटील यांच्या घरीं सन १८३१ च्या जानेवारीच्या ३ तारखेस जी कन्या जन्मली, तीच पुढें सावित्रीबाई फुले या नांवानें प्रसिद्धीस आली. सन १८४८ मध्यें पुण्यास मुलींची शाळा निघाली आणि सावित्रीबाई शिक्षिका झाल्या, ही हकीकत आज शाळेंतील मुलासही ठाऊक असते. परंतु त्यांच्या हातून आणखी एक कार्य झालें, आणि त्याचा संबंध शाळेशीं नसून बाळंतिणीच्या खोलीशीं आहे.

बाळंतपण एकटीनें काढावयाचें नसतें, हें आपल्या समाजानें फार पूर्वीं ओळखलें होतें. पहिलटकरणीस माहेरीं आणावयाचें, अनुभवी सुइणीस बोलवावयाचें, बाजेखालीं शेगडी ठेवावयाची, आईला व बाळाला न्हाऊमाखूं घालावयाचें, डिंकाचे व अळिवाचे लाडू करावयाचे, असा तो सारा थाट असे. पांचव्या दिवशीं पांचवी, सहाव्या दिवशीं षष्ठीपूजन, बाराव्या दिवशीं बारसें. त्या दिवशीं आळींतल्या बायका आपापलीं लेंकरें कडेवर घेऊन जमत, घुगऱ्या वाटल्या जात, आणि आत्या बाळाच्या कानांत नांव सांगे. वरवर पाहतां हा नुसता सोहळा दिसतो. पण त्या गर्दींतच नव्या आईस पुष्कळ कांहीं शिकावयास मिळे. बाळ रडतें कां, अंगावर दूध येत नसेल तर काय करावें, टाळू कशी भरावी, हें दहाजणींच्या तोंडून ती ऐके. आपल्यासारखाच त्रास दुसरीनेंही सोसला आहे, एवढें कळलें तरी अर्धें दुखणें हलकें होई. बाळंतिणीची खोली ही बायकांची एक शाळाच होती.

परंतु ह्या शाळेचें दार सर्वांस उघडें नव्हतें. तेथील मान कपाळावरील कुंकवानुसार मिळे. विधवेनें ओटी भरूं नये, पाळण्याच्या दोरीस प्रथम हात लावूं नये, अशी रीत होती. आणि मूल नसलेल्या स्त्रीसही अशा वेळीं मागेंच उभें राहावें लागे. मग विधवाच गरोदर राहिली तर? लहान वयांत लग्न, लहान वयांतच वैधव्य, आणि उच्च म्हणविणाऱ्या जातींत पुनर्विवाहास पूर्ण बंदी, अशी त्या काळची स्थिति होती. सन १८५६ मध्यें विधवाविवाहाचा कायदा झाला. पण कायद्यानें दिलेली मोकळीक समाजानें स्वीकारली नाहीं. घरच्या किंवा शेजारच्या पुरुषाच्या फसवणुकीस बळी पडलेल्या अशा मुलीपुढें तीनच वाटा उरत: गर्भपाताचीं जालीम औषधें, विहिरीचा कांठ, किंवा जन्मलेल्या जीवाचा आपल्याच हातानें अंत. फसविणारा पुरुष मात्र उजळ माथ्यानें हिंडत राही.

अशीच एक घटना जोतीरावांच्या निकटच्या परिचयांत घडली. त्यांचे स्नेही सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरीं काशीबाई नांवाची एक तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकास होती. शेजारच्या एका शास्त्रीबुवानें तिला मोहांत पाडलें. औषधें घेऊनही गर्भ पडला नाहीं. मुलगा झाला तेव्हां लोकलज्जेपायीं तिनें त्यास मारून घरामागील विहिरींत टाकलें. खटला चालला आणि तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. न्यायासनापुढें गुन्हा एकटीचा ठरला. हें पाहून स्वस्थ बसणें जोतीरावांस व सावित्रीबाईंस शक्य झालें नाहीं. सन १८६३ मध्यें त्यांनीं पुण्यास आपल्या घराच्या आवारांतच बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलें.

ह्या गृहाच्या जाहिराती ब्राह्मणवस्तीच्या कोपऱ्याकोपऱ्यांवर लावण्यांत आल्या. त्यांचा आशय असा होता, कीं विधवांनीं येथें येऊन गुप्तपणें व सुरक्षित बाळंत व्हावें. मूल बरोबर न्यावें कीं येथें ठेवावें, हें त्यांनींच ठरवावें. ठेवलेल्या मुलाची काळजी गृह घेईल. ह्या तीन वाक्यांतील मधलें वाक्य विशेष लक्षांत घेण्यासारखें आहे. टाकलेल्या मुलांचीं आश्रयस्थानें युरोपांत पूर्वींपासून होतीं. लंडनमध्यें कॅप्टन थॉमस कोरम यानें सन १७३९ मध्यें राजाची सनद मिळवून असें गृह काढलें, व सन १७४१ पासून तेथें मुलें घेण्यास आरंभ झाला. पण तेथें मूल आंत जाई आणि आई दाराबाहेर राही. मूल वाचे, पण मायलेंकरांची ताटातूट होई. पुण्याच्या ह्या घरानें मात्र आधीं आईस आंत घेतलें आणि निर्णयही तिच्याच हातीं ठेवला.

घर काढणें एक आणि चालविणें एक. दाराशीं रात्रीं-अपरात्रीं येणारी बाई भेदरलेली असे. नांव सांगावें कीं न सांगावें, हेंही तिला कळत नसे. तिला धीर देणें, वेळेवर जेवूं घालणें, बाळंतपण करणें, बाळास न्हाऊं घालणें, हें सारें सावित्रीबाईंनीं सांभाळलें. त्यांस स्वतःस मूल नव्हतें. रूढीनें ज्या स्त्रीस पाळण्यापासून चार पावलें दूर उभें केलें असतें, तीच ह्या घरांत प्रत्येक बाळंतिणीच्या उशाशीं बसली. माहेरानें दार लावलेल्या मुलींचें ती माहेर झाली.

ह्या कार्याचा ताळेबंद जोतीरावांनीं सन १८८४ च्या डिसेंबरांत लिहिलेल्या निवेदनांत दिला आहे, आणि तो वाचतांना मन सुन्न होतें. तोंपर्यंत तेथें ३५ विधवा येऊन बाळंत झाल्या होत्या. त्यांच्या मुलांपैकीं अवघीं ५ जिवंत राहिलीं. उरलेलीं ३० दगावलीं, आणि त्याचें कारणही जोतीरावांनीं सांगितलें आहे: गर्भ दडविण्यासाठीं आयांनीं घेतलेल्या विषारी औषधांचा अपाय मुलांस पोटांतच झालेला होता. म्हणजे ह्या मुली घराच्या दाराशीं पोहोंचल्या, पण उशिरा पोहोंचल्या. त्यांस वाट दाखविणारी एखादी बाई चार महिने आधीं भेटती, तर त्यांतील किती पाळणे हलते राहिले असते!

वेळेवर भेटलेली एक बाई काय करूं शकते, याचें उदाहरण खुद्द खंडाळ्याच्या मुलखांतच घडलें. सन १८६८ च्या ऑगस्टांत सावित्रीबाई नायगांवीं माहेरीं आल्या असतां त्यांनीं २९ तारखेस जोतीरावांस एक पत्र लिहिलें. पंचांग सांगत गांवोगांव फिरणारा गणेश नांवाचा एक ब्राह्मण तरुण आणि शारजा नांवाची एक महार मुलगी यांचें प्रेम जडलें होतें व शारजेस सहावा महिना लागला होता. ही गोष्ट फुटतांच गांवकऱ्यांनीं दोघांस धरलें, त्यांची धिंड काढली आणि त्यांस ठार मारण्याचा बेत केला. हें कानीं पडतांच सावित्रीबाई तेथें धांवत गेल्या. जीव घेतल्यास सरकारी कायद्यानें कोणता परिणाम भोगावा लागेल, याची त्यांनीं जमावास जाणीव दिली. अखेर दोघांनीं गांव सोडावें असें ठरलें, आणि सावित्रीबाईंनीं त्यांस पुण्यास जोतीरावांकडे पाठवून दिलें. शारजेच्या जातीचा किंवा तिच्या लग्नाचा प्रश्न त्यांनीं मध्यें आणला नाहीं. तिच्या पोटांत मूल होतें, एवढेंच त्यांस पुरेसें होतें.

सन १८७४ मध्यें अशीच एक संकटांत सांपडलेली विधवा ह्या घरीं आली. योगायोग असा, कीं तिचेंही नांव काशीबाईच होतें. पहिल्या काशीबाईचें मूल विहिरींत गेलें. ह्या काशीबाईचा मुलगा वाचला. फुले दांपत्यानें त्यास दत्तक घेऊन त्याचें नांव यशवंत ठेविलें. तो पुढें डॉक्टर झाला. सन १८९७ च्या प्लेगांत सावित्रीबाई रोग्यांची शुश्रूषा करीत असतां त्याच रोगानें १० मार्च रोजीं निधन पावल्या, तेव्हां रोग्यांच्या सेवेंत त्यांच्या सोबतीस हाच मुलगा होता.

पुण्याचें हें उदाहरण एकटें राहिलें नाहीं. सन १८७५ मध्यें न्यायखात्यांतील अधिकारी लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकारानें पंढरपुरास असेंच गृह निघालें आणि प्रार्थनासमाजानें त्याचा भार वाहिला. सन १८८१ मध्यें सुरतेकडील विजयालक्ष्मी नांवाच्या विधवेस बालहत्येबद्दल प्रथम फांशीची शिक्षा झाली, तेव्हां बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध लिहून, दोष एकट्या स्त्रीवर कां, असा रोखठोक सवाल केला. तो सन १८८२ मध्यें प्रसिद्ध झाला.

आईस जपल्यावांचून मूल जगत नाहीं, हा धडा इतर देशांसही अनुभवानेंच मिळाला. पॅरिसमधील डॉक्टर पिअर बुदँ यांच्या नजरेस आलें, कीं रुग्णालयांत सुखरूप जन्मलेलीं मुलें घरीं गेल्यावर दगावतात. म्हणून सन १८९२ पासून ते आयांस बाळें घेऊन ठराविक दिवशीं परत बोलावूं लागले. बाळाचें वजन करावें, आईचें म्हणणें ऐकावें, अंगावरील दुधाचें महत्त्व समजावावें, असा तो क्रम होता. सन १९०७ मध्यें लंडनच्या सेंट पँक्रस भागांत आयांची शाळाच निघाली. आपल्याकडील बाळंतिणीच्या खोलींत जें बायका एकमेकींस सांगत, त्यास तेथें शास्त्राची जोड मिळाली.

भारतांत २ ऑक्टोबर १९७५ रोजीं एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तिच्यांतून अंगणवाड्या उभ्या राहिल्या. महाराष्ट्रांतील तिचा पहिला प्रयोग अमरावती जिल्ह्यांतील धारणी येथें झाला. आज खंडाळा तालुक्यांतील खेड्यांतही नवी आई बाळास दुपट्यांत गुंडाळून दिवसाउजेडीं अंगणवाडींत जाते. तेथें बाळाचें वजन होतें, लस टोंचली जाते, पोषणाच्या चार गोष्टी कानीं पडतात, आणि शेजारीं बसलेल्या दुसऱ्या आईशीं सुखदुःखाचें बोलणें होतें. गरोदर स्त्रीचें नांवही तेथें आधींच नोंदलें जातें. म्हणजे त्या ३० मुलांच्या मृत्यूनें दाखविलेली उणीव भरून काढण्याची सोय झाली आहे.

सोय झाली, तरी मनाचें दार उघडावयास वेळ लागतो. एकट्या राहिलेल्या, टाकलेल्या, लग्नावांचून आई झालेल्या मुलीस आजही त्या चटईवर बसतांना शेजारणीच्या डोळ्यांकडे चोरून पाहावें लागतें. दरवर्षीं ३ जानेवारीस नायगांवीं सावित्रीबाईंच्या जन्मघरापुढें स्त्रियांचा मेळा जमतो, फुलें वाहिलीं जातात. पण ज्या दिवशीं अशी एखादी मुलगी बाळ घेऊन येईल आणि बाकीच्या जणी कांहीं न विचारतां सरकून तिला जागा देतील, त्या दिवशीं सावित्रीबाईंचें खरें स्मरण झालें असें समजावें.