दांडी बदलली तरी
दांडी बदलली तर वाद्य तेच राहते काय? १९५१ साली कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी ‘प्रिसिजन’ बास गिटार विक्रीस आणली. तिची मेपल लाकडाची अखंड दांडी चार स्क्रूंनी धडास जोडलेली होती. बिघडल्यास ती सहज बदलता यावी, हा हेतू. तारांच्या ताणाला आतील पोलादी सळई तोलून धरते. पण लाकूडच पिळवटले, तर तिचा इलाज चालत नाही. म्हणून काही कारागीर नवी दांडी उभ्या पट्ट्या चिकटवून घडवितात. पट्ट्यांच्या शिरांचा कल परस्परविरुद्ध ठेवल्याने एकीची ओढ दुसरी आवरते. ही रीत जुनीच आहे. स्ट्रॅडिव्हेरी १७३७ साली निवर्तले; पुढे त्यांच्या बहुतेक व्हायोलिनांच्या दांड्या बदलल्या गेल्या. तरी ती वाद्ये आजही त्यांच्याच नावाने ओळखली जातात.