मुद्रकाचें शुद्धिपत्र

बेंजामिन फ्रँकलिन हा धंद्यानें मुद्रक. आत्मचरित्रांत स्वतःच्या प्रमादांना तो छपाईंतील चुका म्हणतो. सर्वांत मोठी चूक मात्र त्या यादींत नाहीं. विजेपासून घरें राखणारी सळई शोधून तिचें पेटंटही न घेणाऱ्या, १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या या पुरुषाच्या घरीं गुलाम होते. त्याच्या ‘पेन्सिल्व्हेनिया गॅझेट’मध्यें गुलामविक्रीच्या जाहिराती छापल्या जात. पुढें त्याचें मत पालटलें. १७९० च्या फेब्रुवारींत, वयाच्या ८४ व्या वर्षीं, गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष या नात्यानें त्यानें अमेरिकन काँग्रेसकडे गुलाममुक्तीसाठीं अर्ज धाडला. अर्ज निष्फळ ठरला. १७ एप्रिल रोजीं फ्रँकलिन निवर्तला. शुद्धिपत्रानें छापलेलें पान बदलत नाहीं, हें खरें. तरीही त्याच्या सर्व शोधांपेक्षां हें उशिराचें शुद्धिपत्र आम्हांस अधिक मोलाचें वाटतें.