सह्याद्रीचे लव्हेंडर

आज चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टैहून बोलतोय. १९९८पासून इथे मोटारी बनतात. नोकरीनिमित्त आलेली मराठी घरेही भेटतात आणि विचारतात, ‘साहेब, नर्सरीतून आणलेले लव्हेंडर जगत का नाही?’

उत्तर त्या झाडाच्या मुलखात आहे. अत्तराचे लव्हेंडर मूळचे पश्चिम भूमध्य समुद्राकाठच्या डोंगरांतले. दगडाळ जमीन, कोरडा उन्हाळा, थंड हिवाळा हे त्याचे माहेर. आपल्या देशात ते जम्मूतल्या भद्रवाहच्या थंड उतारांवर पिकते. चेन्नईची दमट हवा आणि ऑक्टोबर ते डिसेंबरचा पाऊस त्याला सोसत नाही, मुळे कुजतात.

पण लव्हेंडर म्हणजे एकच झाड नव्हे. १८२८ साली गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी पुण्याजवळ दापोडीला बाग उभी केली. १८३८ साली ती कंपनी सरकारचे स्कॉटिश शल्यवैद्य डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्याकडे आली. औषधी वनस्पती वाढवायच्या आणि परदेशी रोपे इथे रुजवून पाहायची, हे त्यांचे काम. पुढे १८४७मध्ये ते मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले.

१८३९ साली जॉन ग्रॅहम यांची मुंबई परिसरातील वनस्पतींची सूची छापली गेली. तिच्यात एका झुडपाला गिब्सन यांचे नाव मिळाले : लॅव्हेंड्युला गिब्सोनी. हे लव्हेंडर आपल्या सह्याद्रीचे! त्याचे भावंड, लॅव्हेंड्युला बायपिन्नाटा, दख्खनच्या माळांवर पावसाळा सरताना फुलते. गंमत बघा, परदेशी रोपे रुजवायला नेमलेल्या माणसाचे नाव इथल्याच झाडाने राखले.

म्हणून सांगतो, आधी हवा बघा, मग झाड निवडा. चेन्नईत हौस करायचीच, तर उष्णता जरा जास्त सोसणारी ‘डेंटाटा’ जात मागा. जानेवारीत, पाऊस संपल्यावर, फूल न आलेल्या फांदीचे ८-१० सेंटिमीटरचे छाट घ्या. खालची पाने काढा. जाड वाळू आणि कोकोपीट समप्रमाणात घेऊन त्यात खोचा आणि सावलीत ठेवा. मुळे धरली की मातीच्या कुंडीत हलवा. वरची माती सुकल्याशिवाय पाणी नको. पावसाळ्यात कुंडी छपराखाली घ्या.

आणि सह्याद्रीतले लव्हेंडर? ते डोंगरावर जाऊन बघा, उपटून आणू नका. त्याला दुसरा मुलूख नाही.

जय हिंद.